सोसायटीच्या सभेत कोणी अंगावर आलं तर: पहिल्यांदाच बोलायला उभं राहणाऱ्यांसाठी

नवीन फ्लॅट घेतलेला माणूस वार्षिक सभेला येतो तेव्हा त्याच्या हातात अहवाल असतो, अहवालातल्या एखाद्या आकड्याखाली पेनाने रेघ मारलेली असते आणि मनात एक साधा प्रश्न असतो. तो उभा राहून विचारतो. उत्तर येतं, "तुम्हाला इथे येऊन किती दिवस झाले हो?" चार-पाच जण हसतात. मग आपण कधी आलो, आधी कुठे राहत होतो, आपल्यालाही सोसायट्यांचा कसा अनुभव आहे, हे सांगण्यात त्याची दहा मिनिटं जातात. आकडा राहतो बाजूला. पुढच्या वर्षी तो माणूस सभेला फिरकत नाही.

हे मी फार ठिकाणी बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण यातले बहुतेक प्रश्न अगदी रास्त असतात. म्हणून हे लिहितोय. वाद ऑफिसातला असो की घरातला, यातलं बरंचसं तिथेही लागू पडेल. पण मी उदाहरण सोसायटीचंच धरलंय. इथे सगळ्यांचे पैसे एकाच खात्यात असतात आणि रात्री भांडलेली माणसं सकाळी एकाच लिफ्टमध्ये भेटतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्याभोवती आहे. वैयक्तिक शेरा बहुतेक वेळा एकच काम करतो: समजा तुमचा प्रश्न गच्चीच्या कामाच्या खर्चाचा आहे, तर तो विषय गच्चीवरून उचलतो आणि तुमच्यावर आणून ठेवतो. तुम्ही स्वतःची बाजू मांडायला लागलात की ते काम फत्ते झालं. विषय परत गच्चीवर न्यायचा, एवढंच तुम्हाला करायचंय.

सभेच्या आधी

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार, तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी हातात पडायला हवी. हे दिवस वाया घालवू नका. अहवाल, ताळेबंद, विषयपत्रिका नीट वाचा आणि आपला प्रश्न नेमका कुठल्या विषयाखाली बसतो ते ठरवा. हिशेबाचा प्रश्न हिशेब मंजुरीच्या वेळीच विचारायचा. 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत लोक खुर्च्या सरकवायला लागलेले असतात आणि चहाची किटली आलेली असते.

प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहा. समजा, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च तुम्हाला जास्त वाटतोय. "गच्चीच्या कामासाठी किती कोटेशन्स आली होती, त्यातलं कोणतं निवडलं आणि का?" हा प्रश्न झाला. "गच्चीवर एवढा पैसा गेला कुठे?" हा प्रश्न दिसतो, पण त्यात आरोप आहे, आणि समोरच्याने चिडायला तो पुरेसा आहे. वाक्य लिहून झालं की मोठ्याने वाचून बघा. ऐकणाऱ्याला आकडा किंवा कागद देऊन उत्तर देता येईल, असं ते असायला हवं.

मग जरा वेळ स्वतःकडे समोरच्याच्या नजरेने बघा. मेंटेनन्स थकलाय? भरून टाका आणि पावती खिशात ठेवा. भाडेकरू ठेवलाय पण कमिटीला कळवलेलं नाही? कळवा. गाडी दुसऱ्याच्या जागेत लागते? आजपासून बंद करा. हे सगळं सभेत निघणारच, असं समजूनच चाला.

यात एक गोष्ट खूप जणांना झोंबते. फ्लॅट बायकोच्या नावावर असतो, नवरा सभेत बोलायला उठतो आणि सेक्रेटरी म्हणतात, "तुम्ही सभासद नाही." नवऱ्याला तो अपमान वाटतो. पण सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क सभासदाचा असतो, आणि आदर्श उपविधींमध्ये सर्वसाधारण सभेला आपल्या जागी कुलमुखत्यार किंवा प्रतिनिधी पाठवायची सोय नाही. सेक्रेटरी तिथे नियमाने बरोबर असतात. घर जिच्या नावावर आहे तिने बोलावं, नाहीतर सहयोगी सदस्यत्वाचा अर्ज आधीच करून ठेवावा. नियमाची हरकत नियमाने सोडवायची, त्यात मानपान आणायचा नाही.

हल्ला आहे की हरकत

हा टप्पा लोक गाळतात आणि तिथेच फसतात. बोलणं टोचलं म्हणजे तो हल्लाच, असं धरून चालतात.

"तुमची सूचना अव्यवहार्य आहे, आधी हे करून बघितलंय" ही टीका तुमच्या सूचनेवर आहे. सूर कितीही कडक असला तरी तिला मुद्द्यानेच उत्तर द्यायचं. "हे कोटेशन तुमच्या मेव्हण्याचं आहे ना?" हा प्रश्न तुमच्याविषयी आहे, पण तो रास्त आहे. सोसायटीचे पैसे जिथे जाणार तिथे तुमचा माणूस असेल, तर ते सगळ्यांना माहीत असायला हवं. "हो, ते माझे मेव्हणे आहेत, म्हणून त्या कोटेशनवर मी मत देणार नाही" असं सरळ सांगून टाका. खरं म्हणजे कोणी विचारायच्या आधीच सांगा. लपवलेलं नातं बाहेर आलं की तुमचा दुसरा कुठलाही मुद्दा मग कोणी ऐकत नाही.

पारख कशी करायची? स्वतःला विचारा: समोरचा माझ्याविषयी जे बोलला ते खरं धरलं, तर माझ्या मुद्द्यात काही फरक पडतो का? मी नवीन आहे, हे खरं धरलं तरी कोटेशन्सची संख्या बदलत नाही. फरक नाही, म्हणजे त्यावर खुलासा करायची गरजही नाही. मेव्हण्याचं नातं खरं असेल तर फरक पडतो, उत्तर द्यायलाच हवं. "तुम्हाला बांधकामातलं काय कळतं?" हा शेरा मधला आहे. तुम्ही नुसती कोटेशन्स किती आली असं विचारत असाल तर बांधकामातलं कळायची गरजच नाही. पण "हे केमिकल चालणारच नाही" असं छातीठोक सांगत असाल, तर तुमचं ज्ञान किती, हे विचारायचा अधिकार समोरच्याला आहे.

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या जुन्या शास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. दोघांनाही खरं काय ते शोधायचं असतं तो वाद. काहीही करून जिंकायचं असतं तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडायची असते ती वितंडा. सभेत हे तिन्ही अर्ध्या तासात बघायला मिळतात. समोरचा जल्पावर उतरला म्हणून तुम्ही उतरायचं कारण नाही. आणि कोणी नुसतंच मोडीत काढत सुटला असेल, तर त्याला शांतपणे विचारा, "मग तुमचा प्रस्ताव काय आहे?" बरेच जण तिथे थांबतात. काही जण खरंच चांगला प्रस्ताव देतात, आणि तेही हवंच आहे.

पहिले काही क्षण

शेरा आला की कान तापतात, हात थरथरतो, आवाज आपोआप चढतो. हे सगळ्यांचंच होतं. त्या क्षणी जे तोंडात येतं ते बोलायचं नाही, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. हातातल्या कागदाकडे बघा. बाटलीतलं पाणी प्या. हसणाऱ्यांकडे बघू नका.

मग अध्यक्षांकडे वळा. सभेत सभासदांनी एकमेकांशी भांडायचं नसतं, अध्यक्षांना उद्देशून बोलायचं असतं. नवख्या माणसासाठी इतका उपयोगी दुसरा नियम नाही. "अध्यक्ष महोदय" म्हटलं की तुमची नजर शेरा मारणाऱ्यावरून हटते, आवाज जरा खाली येतो आणि सभा चालवायची जबाबदारी ज्याची त्याच्याकडे जाते. चेअरमन शेजारचेच काका असले, रोज तुमच्याशी गप्पा मारत असले, तरी त्या दोन तासांपुरते ते अध्यक्ष.

उभे असाल तर जागेवरच उभे राहा. पार्किंगमध्ये दाटीवाटीने मांडलेल्या खुर्च्यांतून एक पाऊल पुढे टाकलं तरी ते धावून गेल्यासारखं दिसतं. बोट रोखू नका. आणि समोरचा अरे-तुरेवर आला तरी तुम्ही 'तुम्ही' सोडू नका. एकेरीला एकेरी आली की ते दोन माणसांचं भांडण होतं. एक जण 'तू' म्हणतोय आणि दुसरा 'तुम्ही' म्हणतोय, हे बाकीच्यांना शेवटच्या रांगेतूनही ऐकू येतं.

खरं असेल तेवढं मान्य करा आणि प्रश्नावर या

आता मुख्य काम. शेऱ्यात जे खरं असेल ते अर्ध्या वाक्यात मान्य करायचं आणि त्याच दमात आपला प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा विचारायचा. मधे 'पण' घालू नका. 'पण' आला की ऐकणाऱ्याला वाटतं, आधीचं मान्य केलेलं मनापासून नव्हतं.

"तुम्ही काल आलात. आम्ही पंचवीस वर्षं ही बिल्डिंग सांभाळली."
"खरंय काका, तुम्ही सांभाळलीत म्हणूनच आम्हाला इथे घर घ्यावंसं वाटलं. गच्चीच्या कामासाठी किती कोटेशन्स आली होती?"

हे मनापासून म्हणता येत असेल तरच म्हणा. बिल्डिंगची रयाच गेलेली असेल, तर "हो, मी नवीन आहे" एवढंच पुरे.

"आधी स्वतःचा मेंटेनन्स भरा, मग बोला."
थकला असेल तर: "दोन महिन्यांचा बाकी आहे, या आठवड्यात भरतो. कोटेशन्स किती आली होती?"
थकला नसेल तर: "माझा भरलेला आहे. कोटेशन्स किती आली होती?"

पावती खिशात आहे म्हणून ती फडकवत पुढे जाऊ नका. मग लोक पावतीवरची तारीख बघत बसतात आणि सभा पावतीची होते. कोणी मागितलीच तर सभा संपल्यावर दाखवा.

"यातलं तुम्हाला काय कळतं?"
"फारसं कळत नाही, म्हणूनच विचारतोय."

"तुम्हाला कमिटीवर यायचंय म्हणून हे चाललंय."
"यायचं असेल तेव्हा निवडणुकीला उभा राहीन. आज कोटेशन्सचं सांगा."

"तुम्ही प्रत्येक गोष्टीला विरोधच करता."
इथे मोह होतो. लिफ्टच्या ठरावाला मी हात वर केला होता, रंगकामाला मीच अनुमोदन दिलं होतं, अशी यादी वाचाविशी वाटते. वाचू नका. "मी विरोध केलेला नाही, माहिती मागतोय" एवढं म्हणा आणि माहितीवर या.

प्रत्येक शेऱ्यात मान्य करण्यासारखं काही असतंच असं नाही. "बायकांनी या हिशेबात कशाला पडायचं" यातलं मान्य काय करणार? तिथे "मी सभासद आहे" एवढंच, आणि पुढे प्रश्न. जात, धर्म, भाषा, गाव यावरून कोणी बोललं तर तेवढ्यावरही थांबायचं नाही. "अध्यक्ष महोदय, हे वाक्य मागे घ्यायला सांगा आणि त्याची नोंद करा." आधी ते, मग बाकीचं.

एका सभेत हे फार जवळून बघायला मिळालं. स्टिल्ट पार्किंगमध्ये, स्कूटरच्या रांगेला लागून निळ्या खुर्च्या मांडलेल्या, माइक मधूनच शिट्टी मारत होता. नोकरी करणाऱ्या एका तरुण मुलीने उन्हाळ्यातल्या टँकरच्या बिलांविषयी विचारलं. खजिनदार म्हणाले, "ताई, तुम्ही दिवसभर ऑफिसात. इथे पाण्याची काय मारामार असते ते तुम्हाला काय माहीत?" ती म्हणाली, "मी नसते दिवसभर, म्हणूनच पावत्या बघायच्या आहेत. टँकर आला की वॉचमन सही करतो, त्या पावत्या कुठे आहेत?" मग कोणीतरी तिच्या भावाने गेल्या वर्षी गेटपाशी गाडी लावल्याचं काढलं. ती त्यावर एक शब्द बोलली नाही. "काका, पावत्या कुठे आहेत?" पुन्हा दुसरं काहीतरी निघालं. पुन्हा तेच वाक्य, तोच आवाज. शेवटी मागच्या रांगेतले एक आजोबा, जे पहिल्या शेऱ्याला हसले होते, तेच म्हणाले, "अहो, दाखवा ना पावत्या, विषय संपेल." फाइल आली. काही पावत्या नव्हत्या. कोणी खाल्लं-बिल्लं असं कोणीच म्हणालं नाही. गेटवर टँकरची वही ठेवायची आणि महिन्याच्या बिलाला ती जोडायची, असं ठरलं आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

त्या आजोबांवर लक्ष द्या. तुमचं बोलणं खरं तर त्यांच्यासाठी असतं. अंगावर येणाऱ्याचं मत तुम्ही तिथल्या तिथे बदलू शकत नाही, त्याने आपली जागा धरलेली असते. गप्प बसलेली तीस-चाळीस माणसं ठरवतात, आणि प्रश्न तोच राहिला, आवाज तोच राहिला, की उत्तर कोण टाळतंय हे त्यांना न सांगता कळतं.

पुण्यात आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली होती विरोधकांनी. माणसावर जाण्याची याहून हद्द काय असणार? १८८८ साली सुरू केलेल्या 'सुधारका'तून ते बालविवाहावर, विधवांच्या केशवपनावर लिहीत होते, आणि ते लिहिणं त्यांनी सोडलं नाही. आपल्या सभेतला शेरा त्या मानाने काहीच नाही.

तुमच्या तोंडून काय जाऊ नये

"पैसे खाल्ले" हे दोन शब्द पुराव्याशिवाय कधीही उच्चारू नका. एक तर ते खोटं असू शकतं. वॉटरप्रूफिंगचं बिल कोटेशनपेक्षा वाढायला खरी कारणं असतात: खालचा कोबा उखडल्यावर स्लॅबची दुरुस्ती निघते, पावसाने काम लांबतं. दुसरं म्हणजे, चारचौघांत केलेला खोटा आरोप मानहानी ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५६ आहे, पूर्वीच्या दंड संहितेत ते ४९९ आणि ५०० होतं. सद्हेतूने, सगळ्यांच्या हितासाठी बोललेल्याला त्यात अपवाद आहेत. पण ते सिद्ध करत कोर्टाच्या चकरा मारण्यापेक्षा "कोटेशन आणि बिल यांत फरक दिसतो, तो कशामुळे?" असं विचारणं केव्हाही चांगलं. अर्थ तोच, शिवाय उत्तर मिळायची शक्यता जास्त.

मला इथे कमिटीच्या बाजूनेही बोलायचंय. ही माणसं पगार न घेता काम करतात. रात्री अकराला पंप बंद पडला की फोन त्यांना जातो, ड्रेनेज तुंबलं की रविवारी खाली उभे तेच राहतात. वर्षभर कोणी आभाराचा शब्द बोललेलं नसतं आणि सभेत पहिला प्रश्न हिशेबाचा येतो. त्यांचा तोल जातो तो पुष्कळदा थकव्यातून. म्हणून प्रश्नाआधी, खरंच झालेलं एखादं काम नाव घेऊन सांगा: "टाक्या वेळेवर साफ झाल्या, त्याबद्दल आभार." लोणी लावायचं म्हणून नाही. ते काम झालेलं असतं आणि कोणीतरी म्हणायला हवं असतं.

टोमणेही टाळा. टोमण्याला हशा मिळतो, पण मग समोरच्याला तुमच्यावर घसरायला मोकळीक मिळते.

थांबतच नसेल तर

एक शेरा कानाआड करा. दुसरा आला की अध्यक्षांना सांगा: "मी विषयावर बोलतोय, मला बोलू द्यावं." तिसरा आला की, "माझा प्रश्न आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात घ्यावं. उत्तर मिळालं नसेल तर मिळालं नाही असं लिहावं." आवाज न चढवता म्हटलेल्या या वाक्याने बऱ्याच सभा ताळ्यावर येतात, कारण इतिवृत्त पुढे ऑडिटरही बघतो. चेअरमन स्वतःच अंगावर येत असतील तरी हेच करा. सभात्याग करू नका. तुम्ही बाहेर पडलात की तुमच्या मागे विषय मंजूर होतो.

इतिवृत्ताचा मसुदा आला की लगेच वाचा. तुमचा प्रश्न गाळला असेल, तर उपविधींत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या. तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

विषय खरोखर मोठा असेल आणि दरवाजे बंदच होत असतील, तर एकूण सभासदांपैकी एक पंचमांश जणांच्या सहीने विशेष सर्वसाधारण सभा मागता येते. कामकाजाच्या तक्रारीसाठी सहकार खात्याचे उपनिबंधक आहेत, आणि सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खालचे वाद सहकार न्यायालयात जातात. 'मला अमुक असं बोलला' हे घेऊन तिथे जाऊ नका. तिथे कागद लागतो.

जिथे सहन करायचं नसतं

वर जे सांगितलं ते टोचून बोलण्यापुरतं आहे. "बघून घेईन", "बाहेर भेट", अंगावर हात, बाईला उद्देशून अश्लील बोलणं, जातीवरून अपमान, याला शांतपणे प्रश्न परत विचारणं हे उत्तर नव्हे. आदर्श उपविधींतही धमकी आणि मारहाणीच्या तक्रारींसाठी जागा पोलीस ठाण्याची सांगितली आहे. न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१ आहे, शांतता भंग व्हावी म्हणून मुद्दाम केलेल्या अपमानासाठी ३५२, आणि स्त्रीच्या शालीनतेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी व हावभावांसाठी ७९. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांसमोर जातीवरून अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. नुसत्या मानहानीची तक्रार मात्र दंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते, पोलीस त्यावर थेट गुन्हा नोंदवत नाहीत.

असं झालं तर तिथून निघा, एकटे थांबू नका. घरी गेल्यावर झोपायच्या आधी लिहून काढा: किती वाजता, कोण, नेमके शब्द, जवळ कोण कोण उभं होतं. दुसऱ्या दिवशी शब्द पुसट होतात. पोलीस ठाण्यात जाताना ऐकलेल्यांपैकी निदान एकाला बरोबर घ्या, आणि तक्रारीची प्रत मागून घ्या.

दुसऱ्यावर कोणी घसरलं तर

हे नवख्यालाही जमतं, आणि स्वतःची बाजू मांडण्यापेक्षा पुष्कळ सोपं असतं. "त्यांचा प्रश्न मलाही आहे, त्याचं उत्तर मिळू दे." एवढंच. शेरा मारणाऱ्याला सुनवायची गरज नाही. त्या माणसाला सभेत आपण एकटे नाही हे कळतं, आणि पुढच्या वर्षी तुमच्यावर वेळ आली तर तो उभा राहतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हे जमत नाही. तिथे रात्री लिहिलेलं वाक्य सकाळी आवाजाशिवाय वाचलं जातं आणि जास्त कडू लागतं. ग्रुपवर कोणी डिवचलं तर "हे सेक्रेटरींना लेखी विचारतो" असं लिहून बाहेर या.

दुसऱ्या दिवशी

लिफ्टमध्ये तोच माणूस भेटेल. रोज म्हणत असाल तसा नमस्कार म्हणा. त्याने मान फिरवली तर फिरवू द्या. सभेतला विषय लिफ्टमध्ये काढू नका, त्याच्या बायको-मुलांसमोर तर नाहीच. तोच कधी "काल जरा जास्तच बोललो" म्हणाला, तर "मीही तापलो होतो" म्हणा, खरं असेल तर, आणि त्याला चहाला बोलवा. समोरासमोर चहावर पुष्कळदा सभेत न मिळालेलं उत्तर मिळतं: कोटेशन दोनच आली होती, तिसरा ठेकेदार बघायला येऊन गेला तो परत फिरकलाच नाही, वगैरे.

उत्तर मिळो न मिळो, प्रश्न कागदावर मात्र द्या. सभासदाला उपविधी, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी बघायचा हक्क सहकारी संस्था अधिनियमात आहे, आणि ठरलेली फी भरून प्रती मागता येतात. कोटेशन्सची फाइल त्या यादीत नसली तरी लेखी मागितलेलं कमिटीला सहजी टाळता येत नाही. पत्र छोटं ठेवा, कालच्या भांडणाचा त्यात उल्लेखही नको:

"मा. सचिव यांस,
कालच्या वार्षिक सभेत विषय क्र. ३ वर मी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसंबंधी विचारणा केली होती. आलेली कोटेशन्स, निवडीचा कमिटीचा ठराव आणि अंतिम बिल मला पाहायचं आहे. कार्यालयाच्या वेळेत केव्हा यावं ते कळवावं. प्रती हव्या असल्यास नियमानुसार फी भरेन.
आपला,
सभासद, फ्लॅट क्र. ..."

दोन प्रती काढा. एक ऑफिसात द्या आणि दुसरीवर तारीख, सही आणि संस्थेच्या शिक्क्याची पोच घेऊन अहवालाच्या फाइलला लावून ठेवा.